नागपूरच्या उपनगरात जुनं घर घेताना: विक्रीची साखळी कशी वाचायची आणि परिसर कसा तपासायचा

मानेवाडा, हुडकेश्वर, बेसा, झिंगाबाई टाकळी, दाभा. या भागांतलं अंगण असलेलं, वीस-तीस वर्षांचं घर पाहताक्षणी आवडतं. दलाल सांगतो की दुसरी पार्टी उद्या येतेय. बयाणा दिला जातो आणि कागदपत्रं त्यानंतर मागितली जातात. बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात, कारण पैसे अडकले की माणूस कागदातली चूक शोधत नाही, ती झाकायचं कारण शोधतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी झेरॉक्स, मग जमिनीचा प्रकार, मग विक्रीची साखळी, मग मोजमाप, मग परिसर, आणि सगळ्यात शेवटी पैसे.

टप्पा १: दुसऱ्या भेटीआधी मागायच्या झेरॉक्स

पहिल्या भेटीत घर पाहा. दुसऱ्यांदा जाण्याआधी हे कागद मागा:

- विक्रेत्याच्या नावाची नोंदणीकृत रजिस्ट्री आणि तिची सूची क्रमांक २, म्हणजे इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सारांश)
- त्याआधीच्या सगळ्या रजिस्ट्र्या
- आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) किंवा सातबारा, यांतलं जे लागू असेल ते
- आरएल (प्लॉटच्या नियमितीकरणाचं पत्र) आणि त्याला जोडलेला नकाशा, किंवा लीजचा करार
- बांधकामाचा मंजूर नकाशा आणि परवानगीचं पत्र
- मालमत्ता कर, वीज आणि पाणी यांची ताजी बिलं

विक्रेता सगळं एकदम देऊ शकला नाही तर लगेच संशय घेऊ नका. जुने कागद बँकेत किंवा भावाकडे असतात. पण "रजिस्ट्रीच्या दिवशी दाखवतो" असं उत्तर आलं तर तिथेच थांबा.

> सावध: कराची पावती आणि विजेचं बिल यांवरून घरात कोण राहतं एवढंच कळतं. मालक कोण, हे त्यांवरून सिद्ध होत नाही. फेरफार हीसुद्धा महसुली नोंद आहे, ती स्वतःहून मालकी देत नाही.

टप्पा २: जमीन कोणत्या प्रकारची, हे आधी ठरवा

नागपुरात शेजारशेजारच्या दोन गल्ल्यांतल्या प्लॉटना वेगळे नियम लागू असू शकतात. ही पायरी चुकली की पुढची सगळी तपासणी चुकीच्या कार्यालयात होते.

आरएलचा प्लॉट. गृहनिर्माण संस्थांनी किंवा शेतमालकांनी मंजुरीशिवाय पाडलेले अनेक लेआउट नागपूर सुधार प्रन्यासने (नासुप्र) पुढे नियमित केले. बोलण्यात ते '५७२' आणि '१९००' म्हणून ओळखले जातात. नियमितीकरणाच्या शुल्काची मागणी, म्हणजे डिमांड, भरल्यावर आरएल मिळतं. आरएल हातात आल्यावर तीन गोष्टी जुळवा: नाव, प्लॉट क्रमांक आणि क्षेत्रफळ. मग त्या भागाच्या नासुप्रच्या विभागीय कार्यालयात जाऊन मूळ नोंदीशी ताडून पाहा. रंगीत झेरॉक्सवर विसंबू नका. आरएलमुळे प्लॉट नियमित होतो, पण मालकी रजिस्ट्रीतूनच येते. दोन्ही लागतात.

फक्त डिमांड आली आहे आणि ती भरलेली नाही, असा प्लॉट 'आरएल होणारच आहे' म्हणून विकला जातो. त्याची किंमत आरएल झालेल्या प्लॉटइतकी देऊ नका. बयाण्याआधी डिमांडची रक्कम, भरायची मुदत आणि प्लॉटवर आरक्षण आहे का, हे लेखी घ्या. मंजुरीशिवाय पाडलेले छोटे प्लॉट नियमित करणारा राज्याचा गुंठेवारी कायदा २००१ चा आहे. मूळ कायद्यात १ जानेवारी २००१ आधीचे प्लॉट येत होते; २०२१ च्या दुरुस्तीने ही मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. त्यानंतर पाडलेल्या प्लॉटला 'गुंठेवारीत होऊन जाईल' असं कुणी सांगत असेल तर त्याला कोणत्या आदेशाने, ते विचारा.

नासुप्रची लीज. इथे जमीन प्रन्यासची आणि तुम्ही पट्टेदार. लीजची मुदत कधी संपते, नूतनीकरण झालं आहे का, भुईभाडं थकलं आहे का आणि हस्तांतरणाची परवानगी घेतली आहे का, एवढं तपासा. आधीच्या एखाद्या विक्रीत परवानगी राहून गेली असेल तर तिचं शुल्क आणि दंड तुमच्या गळ्यात येतो.

नझूल. जमीन शासनाची, पट्टा दिलेला. फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण मालकीची, झाली असेल तर त्या आदेशाची प्रत आणि आखीव पत्रिकेवर तशी नोंद, दोन्ही हवं.

एनए (अकृषक) मंजूर लेआउट. शहराबाहेर, महानगर क्षेत्रात, नियोजन प्राधिकरण एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आहे. इथे अकृषक आदेश आणि मंजूर लेआउटचा नकाशा मागा. घराचा नकाशा फक्त ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचा असेल तर तो तेव्हा वैध होता का, हे वकिलाकडून लेखी घ्या.

मूळ शेतजमीन भोगवटदार वर्ग २ ची (विकण्यावर शासनाच्या अटी असलेली) असेल, किंवा आदिवासी खातेदाराची असेल, तर पहिल्याच विक्रीला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. ती नसेल तर नंतरच्या चार रजिस्ट्र्या कितीही स्वच्छ असोत, पाया कच्चा राहतो.

> तपासणी: जमिनीचा प्रकार एका ओळीत लिहिता आला पाहिजे. उदाहरणार्थ, "मौजा अमुक, प.ह.नं. (पटवारी हलका) अमुक, ख.क्र. (खसरा क्रमांक) अमुक, प्लॉट अमुक, आरएल झालेला, क्षेत्र १२८ चौ.मी." ही ओळ लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ३: विक्रीची साखळी

निदान ३० वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या नोंदींचा शोध, हवा. वकील तो करून देतात, पण पहिला शोध स्वतः घ्या. त्यातून प्रश्न काय विचारायचे ते कळतं.

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरच्या ई-सर्चमध्ये मिळकतीवरून मोफत शोध घेता येतो. मुंबई वगळता उरलेल्या महाराष्ट्राच्या नोंदी तिथे २००२ पासूनच्या आहेत. त्याआधीचं पाहायला दुय्यम निबंधक कार्यालयातल्या जुन्या सूची चाळाव्या लागतात.

ऑनलाइन शोधात लोक एकदाच प्लॉट क्रमांक टाकतात, काही दिसलं नाही की "बोजा नाही" म्हणून मोकळे होतात. त्याच घराचा दस्त कधी प्लॉट क्रमांकाखाली, कधी खसऱ्याखाली, तर कधी घर क्रमांकाखाली नोंदलेला असतो. हद्द बदललेल्या गावांत जुना दस्त ग्रामीण कार्यालयात आणि नवा शहरातल्या सह दुय्यम निबंधकाकडे सापडतो. म्हणून तिन्ही क्रमांक टाका, मौजाच्या नावाची वेगवेगळी स्पेलिंगं पाहा, शहर आणि ग्रामीण दोन्ही निवडून शोधा, आणि प्रत्येक वर्ष वेगळं घ्या.

सापडलेली प्रत्येक इंडेक्स टू पूर्ण वाचा. वर दस्ताचा प्रकार असतो: विक्रीपत्र, बक्षीसपत्र, हक्कसोड, गहाणखत, की नुसता करारनामा. मग मोबदला आणि बाजारभाव वेगवेगळे दिलेले असतात. त्याखाली मिळकतीचं वर्णन, क्षेत्रफळ, लिहून देणारे, लिहून घेणारे, आणि दस्त केल्याची व नोंदल्याची अशा दोन तारखा. शेवटी शेरा. करारनामा म्हणजे विक्री नव्हे. करारनामा, आममुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र एवढ्या जोरावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आता एका कोऱ्या कागदावर चार रकाने आखा: वर्ष, देणारा, घेणारा, क्षेत्रफळ. नियम एकच आहे. प्रत्येक ओळीतला घेणारा पुढच्या ओळीत देणारा म्हणून आला पाहिजे. समजा, कागद असा भरला:

- १९८७: संस्था → सभासद, १५०० चौ. फूट
- १९९८: सभासद → दुसरा खरेदीदार, १५०० चौ. फूट
- २००९: आरएल, दुसऱ्या खरेदीदाराच्या नावे, १२८ चौ.मी.
- २०१९: दुसऱ्या खरेदीदाराचा मुलगा → आजचा विक्रेता, १५०० चौ. फूट

वरवर चार स्वच्छ ओळी आहेत. पण २००९ आणि २०१९ यांच्या मध्ये मुलगा मालक कसा झाला, याचा एकही दस्त नाही. दुसरं म्हणजे, १५०० चौ. फूट म्हणजे १३९.३५ चौ.मी. आरएल १२८ चं निघालं, म्हणजे साधारण १२२ चौ. फूट रस्त्यात किंवा मोकळ्या जागेत गेले. तरी २०१९ च्या रजिस्ट्रीत जुनाच आकडा उतरवला. तुम्ही १५०० चे पैसे द्याल आणि मिळतील १३७८. असे दोष भाषेत लपतात, रकान्यात लपत नाहीत.

संस्थेच्या लेआउटमध्ये आणखी एक गोष्ट पाहा: सभासदाला रजिस्ट्री करून देणाऱ्या संस्थेकडे ती जमीन शेतमालकाकडून रजिस्ट्रीने आली होती का. नुसत्या करारावर प्लॉट पाडून विकणाऱ्या संस्था होत्या, आणि एकच प्लॉट दोघांना दिल्याचे प्रकारही होतात. म्हणून शेतमालक ते संस्था हा दुवा कागदावर सगळ्यात वर लिहा.

> तपासणी: चतुःसीमा प्रत्येक दस्तात सारख्या आहेत का? पूर्वेला "९ मीटर रस्ता" असलेलं एका दस्तात "प्लॉट क्र. १५" झालं असेल तर प्लॉट बदलला आहे किंवा रस्ता गिळला गेला आहे.

टप्पा ४: वारस आणि मुखत्यार

मालक वारला असेल तर विकणारे सगळे वारस आहेत का, ते मोजा. हिंदू पुरुष मृत्युपत्राशिवाय वारला तर पत्नी, मुलगे, मुली यांच्यासोबत त्याची आई हयात असल्यास तिचाही समान वाटा असतो. बहुतेक घरांत नेमकी आजीच विसरली जाते. लग्न झालेल्या मुलींची "तोंडी संमती" चालत नाही. त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावं किंवा तुमच्या रजिस्ट्रीवर लिहून देणार म्हणून सही करावी. वारसांत अज्ञान मूल असेल तर त्याच्या वाट्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. आईची सही पुरत नाही.

मुखत्यारामार्फत विक्री असेल तर मुखत्यारपत्र नोंदलेलं आहे का आणि त्यात विक्रीचा अधिकार शब्दांत दिला आहे का, ते पाहा. मूळ मालक त्या दिवशी हयात होता का, याचा पुरावाही हवा. मालक गेला की साधं मुखत्यारपत्र संपतं. जुन्या साखळीत असा दस्त असेल तर दोन तारखा शेजारी ठेवा: मृत्यूची आणि रजिस्ट्रीची.

टप्पा ५: कर्ज, दावे, थकबाकी

मूळ रजिस्ट्री हातात घेऊन पाहा. झेरॉक्स दाखवून "मूळ लॉकरमध्ये आहे" म्हणणाऱ्या विक्रेत्याची मूळ प्रत अनेकदा बँकेच्या लॉकरमध्ये असते, तारण म्हणून. मूळ कागद ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचना नोंदणी कार्यालयात दाखल व्हायला हवी, म्हणून सर्चमध्ये 'नोटीस ऑफ इंटिमेशन' दिसते का पाहा. सेरसाईच्या (तारण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही) संकेतस्थळावरही शोध घ्या. प्रत हरवली असं सांगितलं तर पोलिसांकडची तक्रार आणि वर्तमानपत्रातली नोटीस मागा.

ई-कोर्ट्सवर नागपूर जिल्हा न्यायालयात विक्रेत्याचं आणि आधीच्या दोन मालकांचं नाव टाका. मालमत्ता कराचा इंडेक्स नंबर घेऊन मनपाच्या संकेतस्थळावर थकबाकी पाहा. थकीत करावर दरमहा २ टक्के शास्ती चढते आणि ती घरासोबत येते.

शेवटी वकिलाकडून दोन स्थानिक मराठी दैनिकांत जाहीर नोटीस द्या आणि १५ दिवस थांबा. विक्रेता नोटिशीला नाही म्हणाला तर कारण विचारा.

टप्पा ६: नकाशा, टेप आणि भिंती

मंजूर नकाशा हातात घेऊन घराभोवती फिरा. चारही बाजूंची मोकळी जागा टेपने मोजा. वरचा मजला, जिन्याखालची खोली, पुढे ओढलेली गॅलरी, गेटलगत काढलेलं दुकान, यांतलं जे नकाशात नाही ते अनधिकृत समजा. बँक कर्ज देताना तेवढं बांधकाम मूल्यांकनातून वगळू शकते. मग तुमची रोखीची गरज ऐनवेळी वाढते.

कुंपण आणि रजिस्ट्री यांत एक-दोन फुटांपेक्षा जास्त फरक असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी करून घ्या आणि 'क' प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) मिळवा. खासगी मोजणीदाराचा नकाशा शेजाऱ्याशी वादात टिकत नाही.

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावरचं घर हलतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर जाणारी, पाच रुपयांचं नाणं आत शिरेल एवढी भेग पायाची असते; प्लास्टर करून ती थांबत नाही. नव्या रंगाखालची भेग हात फिरवला की लागते. दारं चौकटीला घासतात का, फरशीवर गोटी कुठल्या बाजूला घरंगळते, हेही पाहा.

टप्पा ७: परिसर, तीन वेळांना

एकदा सकाळी, एकदा रात्री आठनंतर, आणि जमलं तर मोठा पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी जा.

पाणी. पाणी येतं का, एवढंच विचारू नका. किती वाजता, किती वेळ आणि मे महिन्यात काय होतं, ते विचारा. मनपा हद्दीत ऑरेंज सिटी वॉटरचं मीटरचं कनेक्शन आहे का, की भाग नॉन-नेटवर्क, म्हणजे जलवाहिनी नसलेला, असून टँकरवर आहे? हद्दीबाहेर, म्हणजे बेसा-पिपळासारख्या नगरपंचायतीत, पुरवठा वेगळा. मोटर बंद ठेवून नळाखाली १५ लिटरची बादली ठेवा आणि भरायला लागणारा वेळ लिहा. बोअर असेल तर खोली, केसिंग आणि उन्हाळ्यात पंप किती मिनिटांनी हवा ओढतो, ते शेजारच्या तीन घरांत विचारा. विक्रेत्याच्या उत्तरापेक्षा शेजारणीचं उत्तर खरं. १५०० फुटांच्या प्लॉटवर बोअर आणि सेप्टिक टँक जवळजवळ असतात, म्हणून पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या: जिवाणू, नायट्रेट, फ्लोराइड, टीडीएस (विरघळलेले क्षार). भारतीय मानकाप्रमाणे नायट्रेट ४५ मि.ग्रॅ. प्रतिलिटरच्या आत हवं.

नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो. कूलर कुठे बसेल, त्याला पाणी कुठून जाईल आणि पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी सावली आहे का, हे घर बघतानाच ठरवा.

पूर. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव आणि नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी भागातल्या घरांत शिरलं. ती पक्की, जुनी, महागडी वस्ती होती. म्हणून भाव पाहून पुराचा अंदाज बांधू नका. नाग, पिली, पोरा या नद्या आणि त्यांना मिळणारे नाले नकाशावर शोधा. कंपाउंडच्या भिंतीवर आतून चिखलाची आडवी रेघ आहे का, मीटरची पेटी मुद्दाम उंचावर हलवली आहे का, पाहा. रस्ता सिमेंटचा होताना उंच झाला असेल तर अंगण खाली जातं आणि पाणी आत वळतं. गेटमधून रस्त्याची आणि जोत्याची उंची ताडून पाहा.

वीज, वास, आवाज. गच्चीवरून उच्चदाबाची तार जाते का? वाठोडा-पारडीकडे भांडेवाडीच्या डेपोचा वास कोणत्या वाऱ्याला येतो? आठवडी बाजार गेटसमोर भरतो का? त्या दिवशी गाडी बाहेर काढता येते का?

येणंजाणं. मेट्रोच्या दोनच मार्गिका सध्या धावतात: खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर, दोन्ही सीताबर्डीला मिळतात. "मेट्रो येतेय" याचे पैसे देऊ नका. आज चालू असलेल्या स्टेशनपर्यंतचं अंतर मोजा. आपली बसची शेवटची फेरी कधी, हे थांब्यावरच्या दुकानदाराला विचारा. शाळा, दवाखाना, किराणा यांची अंतरं पायी चालून मोजा. मध्ये रेल्वे फाटक असेल तर सकाळी नऊला एकदा त्यावर उभे राहा.

टप्पा ८: भाव

त्याच लेआउटमधल्या गेल्या दोन वर्षांच्या तीन-चार इंडेक्स टू काढा आणि मोबदल्याला क्षेत्रफळाने भागा. त्यात आरएल झालेले आणि न झालेले एकत्र करू नका. प्लॉटची किंमत आणि बांधकामाची किंमत वेगळी लिहा. तीस वर्षांच्या बांधकामाला नव्याचा भाव लागत नाही.

टप्पा ९: बयाणा आणि रजिस्ट्री

बयाणापत्रात हे असावं: वकिलाचा सर्च निर्दोष न निघाल्यास बयाणा किती दिवसांत परत, थकबाकी कोण भरणार, विक्रेत्याचं कर्ज कसं फेडायचं, सामान कुठलं राहणार, ताबा कधी. २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख देऊ-घेऊ नका, कायद्याने मनाई आहे. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस (आयकराची कपात) कापून भरणं ही खरेदीदाराची जबाबदारी. विक्रेता परदेशी राहणारा असेल तर नियम वेगळे, आधी सीएला विचारा.

नोंदणी शुल्क १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. मुद्रांक शुल्क बाजारभाव आणि मोबदला यांत जे जास्त असेल त्यावर. घर फक्त महिलेच्या नावे घेतल्यास मुद्रांकात १ टक्का सवलत मिळते. नवराबायको दोघांच्या नावे घेतल्यास मिळत नाही. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी करा.

पब्लिक डेटा एंट्रीत (नोंदणीआधी दस्ताची माहिती ऑनलाइन भरताना) ऑपरेटर मिळकतीचं वर्णन टाइप करतो तेव्हा शेजारी बसा. आरएल उघडून प्लॉट, खसरा, मौजा, क्षेत्रफळ आणि चतुःसीमा एकेक वाचून दाखवा. घाई तिथेच असते आणि चुका तिथेच होतात.

टप्पा १०: किल्ली मिळाल्यावर

ताबापावतीवर वीज आणि पाण्याच्या मीटरचं रीडिंग लिहा, फोटो काढा. मग या क्रमाने नाव बदला: फेरफार किंवा आखीव पत्रिका, नासुप्रचं नामांतरण, मालमत्ता कर, महावितरण, पाणी. सातबाऱ्याच्या फेरफाराला हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस असते. ती महसूल विभागाच्या 'आपली चावडी' संकेतस्थळावर दिसते.

महिन्याभराने ई-सर्चवर आपलाच दस्त शोधा, प्लॉट क्रमांकाने आणि खसऱ्याने. तो दिसला नाही किंवा आकडा चुकलेला दिसला, तर विक्रेता गावातच आहे आणि फोन उचलतो आहे तोवर चूकदुरुस्तीपत्र नोंदवून घ्या.